दाराशीं अडलेला आवाज

परदेशीं असलेल्या लेकरांचा आवाज ऐकावयास आईबापांचे कान किती आतुर असतात, हें वाचकांस सांगावयास नको. गेल्या चातुर्मासांत इंटरनेटवरील टेलिफोनची सोय आम्हीं घरीं करून घेतली. जर्मनीस असलेल्या कन्येनें आमचा शब्द न् शब्द ऐकला. तिचा आवाज मात्र आम्हांस ऐकूं येईना. आमच्या मंडळींस वाटलें, पोर रुसली! दोष तिचा नव्हता. घरच्या राउटरचा होता.

इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारें ४२९ कोटीच. ते पुरणार नाहींत हें दिसूं लागल्यावर १९९४ सालीं ‘नॅट’ ही युक्ति पुढें आली. एकत्र कुटुंबांत टपाल एकाच पत्त्यावर येतें व वडील माणूस तें ज्याचें त्यास देतो, तद्वत् राउटर बाहेर एकच पत्ता दाखवितो. आंतील यंत्रांस बहुधा १९२.१६८ नें आरंभ होणारे खासगी पत्ते देतो. आंतून गेलेल्या पत्राची तो नोंद ठेवितो व त्याचें उत्तर पोंचवितो. नोंद नसलेलें पत्र टाकून देतो. टेलिफोनची अडचण येथेंच आहे. बोलावणें धाडतांना आमचें यंत्र आवाजासाठीं आपला खासगी पत्ताच कळवितें. ‘माजघर, डावीकडील खोली’ एवढ्यावर परगांवच्या माणसानें पत्र कसें पाठवावें?

कंपनीच्या माणसानें सर्व दारें उघडीं टाकण्याचा सल्ला दिला. तो आम्हीं मानला नाहीं. त्यानें चोरांस वाट मिळते. शिवाय कित्येक कंपन्या स्वतःही असाच द्वारपाल ठेवितात, मग घरचें दार उघडून काय उपयोग?

योग्य क्रम असा. प्रथम राउटरमधील ‘सिप एएलजी’ बंद करावें. हा आगाऊ मदतनीस पत्रांतील पत्ते परस्पर बदलूं जातो व पुष्कळदां घोटाळा करितो. मग टेलिफोनच्या मांडणींत ‘स्टन’ चालू करावें. त्या योगें यंत्र बाहेरील सर्व्हरास ‘माझा पत्ता तुला कोणता दिसतो?’ असें विचारून तोच कळवितें. कांहीं राउटर मात्र प्रत्येक नव्या ठिकाणासाठीं निराळें दार योजितात. तेथें स्टनचें चालत नाहीं. अशा वेळीं ‘टर्न’ हा मध्यस्थ सर्व्हर आवाज इकडून तिकडे नेतो. विलंब किंचित् वाढतो, पण काम होतें. ‘आइस’ ही पद्धति हे सर्व मार्ग पडताळून चालेल तो निवडते. सोय असल्यास तीच घ्यावी. शेवटीं, राउटरच्या वहींतील नोंद थोड्या वेळानें पुसली जाते; म्हणून यंत्रानें दर अर्ध्या मिनिटास लहानसा निरोप धाडीत राहावें, नाहीं तर बाहेरून आलेल्या बोलावण्याची घंटाच वाजत नाहीं.

आमच्या नातवानें एएलजी बंद करून आइस चालू केलें, आणि त्याच रात्रीं ‘आई, जेवलीस का?’ हे शब्द घरांत उमटले. द्वारपालास हांकलून द्यावें लागलें नाहीं. येणारा पाहुणा आपला आहे, एवढें त्यास कळविणें पुरलें.