काच, रबर आणि निचऱ्याचं भोक

२०२३ च्या पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एसटीच्या दोन चित्रफिती राज्यभर फिरल्या. एकीत धावत्या गाडीच्या छताचा पत्रा एका बाजूनं उचकटून वाऱ्यावर आपटत होता. दुसरीत चालक एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात स्टिअरिंग धरून गाडी हाकत होता. लोक संतापले आणि तो संताप रास्तच होता. पण छत उडणं हा टोकाचा प्रसंग. त्याआधी कित्येक पावसाळे गाडी गुपचूप गळत असते. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून चालकाच्या पायावर थेंब पडतो, खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपून बाकाची गादी भिजते, आणि खिडकीजवळची जागा रिकामी ठेवून लोक उभे राहतात. ही गळती कोणी चित्रित करत नाही. तरी एसटीच्या प्रकृतीचा खरा अंदाज तिच्यावरूनच येतो, कारण ती गाडीच्या सर्वात दुर्लक्षित भागातून, म्हणजे काच आणि पत्रा यांच्यामधल्या सांध्यातून होते. या सांध्याबद्दल माझं म्हणणं असं की तो पाणी अडवण्यासाठी बुजवायचा नसतो. आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट मोकळी ठेवायची असते. दुरुस्तीच्या नावाखाली आज बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं, म्हणून दरवर्षी तीच गाडी त्याच जागी पुन्हा गळते.

एसटीचा इतिहास सर्वांना पाठ आहे, तो थोडक्यात आटोपतो. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. त्या बेडफर्ड गाडीची बॉडी लाकडी होती आणि छत कापडी. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानं महामंडळांना पाया मिळाला, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि दापोडी, चिकलठाणा व नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत एसटी स्वतःच्या गाड्यांच्या बॉड्या स्वतः बांधू लागली. लाकडानंतर ॲल्युमिनियम आलं, आणि गेल्या काही वर्षांत जुन्या सांगाड्यांवर पोलादी बॉड्या चढू लागल्या. या प्रत्येक बदलात काच बसवण्याची गरज कायम राहिली आणि तिच्याबरोबर काच आणि पत्रा यांच्यामधली रबराची पट्टीही राहिली.

या रबराचे हाल पाहायचे तर ब्रह्मपुरीला यावं. ब्रह्मपुरी तालुका चंद्रपूर जिल्ह्यात असला तरी इथलं आगार एसटीच्या गडचिरोली विभागात येतं. नागभीड, वडसा, आरमोरी, सिंदेवाही ही रोजची ये-जा, आणि वैनगंगा ओलांडली की पुढचा मुलूख जंगलाचा. काचेच्या रबराची परीक्षा घ्यायची तर याहून कठोर जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा अनेकदा ४६ अंशांच्या वर जातो. राज्यातल्या सर्वाधिक तापमानाच्या बातमीत हे नाव दर उन्हाळ्यात असतं. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत हजार ते दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे रबराला आधी ऊन भाजून काढतं आणि मग लगेच त्याच रबराकडून पाणी अडवण्याची अपेक्षा असते. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ओझोन रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतात, त्यातला मऊपणा आणणारा अंश हळूहळू उडून जातो, रबर आकसतं आणि सर्वात आधी कोपऱ्यात उघडं पडतं. थेंब कोपऱ्यातून येतो तो यामुळे.

आता या रबराकडे नीट पाहिलं पाहिजे, कारण साध्या दिसणाऱ्या या पट्टीत विलक्षण बुद्धी आहे. आडवा छेद घेतला तर तिच्या दोन बाजूंना दोन खाचा दिसतात. एका खाचेत काचेची कड बसते, दुसरीत गाडीच्या चौकटीची पत्र्याची कड. दर्शनी बाजूला आणखी एक चीर असते आणि तिच्यात वेगळी बारीक पट्टी ठासून भरतात. तिला लॉक म्हणतात. ही पट्टी आत गेली की रबर दोन्हीकडे फुगतं आणि काच व पत्रा दोघांनाही घट्ट आवळतं. स्क्रू नाही, खिळा नाही, वेल्डिंग नाही. काच बसवण्याची रीतही तितकीच देखणी. रबर काचेभोवती चढवायचं, पत्र्याच्या खाचेत एक मजबूत दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं आतल्या बाजूला सोडायची, साबणाचं पाणी लावायचं आणि बाहेरून काच चौकटीला टेकवायची. मग आतला माणूस दोरी हळूहळू ओढतो, बाहेरचा तळहातानं काच दाबत तिच्या मागोमाग सरकतो, आणि दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटत जातो. दोघांची लय जमली नाही तर काच कडेला तडकते. रबर परिघाच्या मापापेक्षा किंचित लांब कापावं लागतं, कारण नेमक्या मापाचं रबर पुढच्या उन्हाळ्यात आकसून सांध्यात फाकतं. हे सारं ज्याच्या हाताला ठाऊक आहे तो शीट मेटल कामगार आगारातला मोठा कारागीर आहे, आणि त्याच्या कामाची नोंद फार क्वचित होते.

एवढं करूनही पाणी आत का येतं? गाडी हलते, हे पहिलं कारण. खड्ड्यात एक चाक उतरलं की सांगाडा पिळला जातो आणि चौकोनी चौकट क्षणभर तिरपी होते. काच मात्र तिरपी होत नाही. दुसरं कारण उष्णता. दीड मीटर लांबीची काच आणि तेवढीच ॲल्युमिनियमची चौकट यांच्या तापमानात ५० अंशांचा फरक पडला, तर दोघांच्या प्रसरणात सुमारे एक मिलिमीटरचं अंतर येतं. थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत इथल्या पत्र्याला एवढा फरक सहज सोसावा लागतो. तिसरं कारण वारा, आणि मला तेच सर्वात महत्त्वाचं वाटतं. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या गाडीच्या समोरच्या काचेवर हवेचा दाब सुमारे १७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका होतो; वेग ८० झाला की तो ३० मिलिमीटरवर जातो. म्हणजे धावत्या गाडीत पाणी चढावर चालतं. त्यातच मागच्या खिडक्या उघड्या असतील तर आतला दाब थोडा उतरतो आणि फटीतलं पाणी आत ओढलं जातं. प्रवासी म्हणतात गाडी गळते, आगारात पाणी मारून पाहिलं तर गळत नाही, आणि दोन्ही बाजू खरं बोलत असतात. उभ्या गाडीवर वरून ओतलेलं पाणी आणि धावत्या गाडीवर समोरून आदळणारा पाऊस यांची बरोबरी होत नाही.

अशा वेळी सर्वात सोपा उपाय म्हणून सिलिकॉनची नळी हाती येते. कोपऱ्यात, रबराच्या कडेला, जिथे थेंब दिसला तिथे बाहेरून लेप दिला जातो आणि गाडी मार्गावर जाते. माझा आक्षेप या लेपावर आहे. थेंब दिसतो ती जागा बहुधा पाणी शिरण्याची नसते. वर कुठेतरी शिरलेलं पाणी रबराच्या आतल्या खाचेतून वाहत येऊन सर्वात खालच्या जागी बाहेर पडतं. तिथे लेप दिला की पाणी आत येण्याची वाट उघडी राहते आणि जाण्याची बंद होते. मग ते खाचेत साचतं. पोलादी चौकटीला गंज चढतो, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि रबराला आतून उचलतो. ॲल्युमिनियमला पोलादी स्क्रू भिडलेला असेल तर ओल्या सांध्यात ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. लॅमिनेटेड काचेच्या दोन थरांमधला पडदा कडेकडून ओल धरतो आणि काच दुधाळ होत जाते. बाजारातलं स्वस्त, आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि ते उघड्या धातूला खातं. वरून त्यावर रंग धरत नाही, आणि पुढच्या वर्षी त्यावर नवं सिलिकॉनही नीट चिकटत नाही.

बाजूच्या सरकत्या खिडक्यांत ही चूक आणखी महाग पडते. या खिडकीच्या खालच्या चॅनेलमध्ये पाणी येणारच, हे गृहीत धरूनच ती बनवलेली असते. काचा सरकायच्या तर फट हवी, फट असली की पाणी येणार, म्हणून चॅनेलच्या तळाला बाहेर उघडणारी निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. धूळ, तांदळाचा कोंडा, सुकी पानं, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या यांनी ती बुजतात आणि चॅनेल भरून पाणी आतल्या बाजूनं सांडतं. दुरुस्ती काय, तर तार घालून भोकं मोकळी करायची आणि झिजलेली फेल्टची पट्टी बदलायची. त्याऐवजी काच सिलिकॉननं जागेवर चिकटवली तर गळती एका पावसाळ्यापुरती थांबेल, पण ४६ अंशांच्या दुपारी ती खिडकी उघडणार नाही. संकटकालीन मार्गाच्या खिडकीचं असं झालं तर तो जिवाशी खेळ आहे. उघडणारी खिडकी उघडती ठेवून कोरडी राखणं एवढीच खरी दुरुस्ती. बाकी सगळं खिडकी काढून भिंत बांधण्यासारखं आहे.

हा प्रश्न एकट्या एसटीचा नाही. जुन्या बोटींच्या केबिनला समोर काच असते आणि तिचा मधला किंवा बाजूचा भाग बिजागरीवर उघडतो, कारण बंद केबिनमध्ये काचेवर वाफ धरते आणि चालवणाऱ्याला वारा लागतो. वैनगंगेतल्या डोंग्याला काचच नाही, त्यामुळे इथल्या ढिवर मासेमारांना ही चिंता नाही. पण समुद्रावर हाच सांधा माणसं वर्षानुवर्षं दुरुस्त करत आली आहेत आणि त्यांच्या पद्धतीतून शिकण्यासारखं आहे. खिडकीच्या कडेला खडू फासून ती बंद करायची आणि उघडून रबरावरची रेघ पाहायची. रेघ जिथे तुटते तिथे दाब पडत नाही. किंवा कागदाची पट्टी मध्ये धरून खिडकी बंद करायची आणि पट्टी ओढायची. जिथे ती सहज निघते तिथे गळती. स्पंजासारखं मऊ रबर त्याच्या जाडीच्या चौथाई ते एक तृतीयांश दाबलं जाईल इतपतच कडी आवळायची. जास्त आवळलं तर रबर चपटं होऊन तसंच राहतं. बिजागरी सैल असेल तर नवं रबरही वाया जातं, म्हणून आधी बिजागरी, मग कडी आणि शेवटी रबर. पाणी मारून तपासायचं तर नळी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायची. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. या सगळ्याला खडू, कागद आणि पाण्याची नळी एवढंच लागतं. कोणत्याही आगारात ते करता येईल.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला वेळेचा. काच काढून, चौकट घासून, गंजरोधक रंग देऊन, नवं रबर चढवायला गाडी किमान एक दिवस उभी राहते, आणि खेड्यातल्या फेरीची गाडी उभी राहिली की शाळेची मुलं फाट्यावर ताटकळतात. हे खरं आहे. पण लेप दिलेली गाडी त्याच पावसाळ्यात पुन्हा येते, आणि दोन-तीन वर्षांनी कुजलेल्या चौकटीसाठी तिला कार्यशाळेत पाठवावं लागतं, तेव्हा कितीतरी जास्त दिवस जातात. दुसरा आक्षेप असा की नव्या गाड्यांसारखी काच पॉलियुरेथेननं कायमची चिकटवून टाकावी. नव्या, ताठ बॉडीला ते उत्तम, त्यानं बॉडीला बळही येतं. जुन्या, पिळणाऱ्या चौकटीवर तो जोड फाटतो, आणि भामरागड-एटापल्लीच्या वाटेवर दगड लागून काच फुटली तर रबराची काच दोन माणसं दोरीनं बसवू शकतात. चिकटवलेली काच कापून काढायला आणि नवी सुकू द्यायला सोय लागते. तिसरा आक्षेप, जुन्या गाड्या मोडीतच का काढत नाही? केंद्राच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्या तशाही बाद होतात. तरी १५ वर्षांत १५ पावसाळे येतात, आणि रबर तेवढी साथ देत नाही. आज घेतलेली गाडीही आयुष्यात किमान एकदा याच दुरुस्तीला येणार.

खरी अडचण या आक्षेपांच्या पलीकडची आहे आणि तिचं उत्तर मला तितक्या खात्रीनं देता येत नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, ब्रेक निकामी झाला तर गाडी बाहेर काढत नाहीत. काच गळली तर गाडी धावते. म्हणून मनुष्यबळ कमी पडलं की पहिली कात्री बॉडीच्या कामाला लागते. नेमक्या मापाचं रबर वेळेवर मिळालं नाही तर हाताशी असलेलं दुसरं बसवलं जातं, आणि चुकीच्या खाचेचं रबर कितीही कौशल्यानं बसवलं तरी गळतं. दोरीनं काच बसवणारा जुना हात निवृत्त होतो तेव्हा शिकाऊ मुलाला ती लय शिकवायला कोणी उरत नाही. आयटीआयच्या पुस्तकातून ती येत नाही. आणि काम करायची उत्तम वेळ मे महिना. रबर मऊ असतं, चौकट कोरडी असते, रंग लवकर सुकतो. पण लग्नसराई आणि सुट्ट्यांमुळे एसटीचा सर्वात गर्दीचा काळही तोच.

तरीही जूनच्या मध्यावर पाऊस येण्याआधी प्रत्येक गाडीच्या निचऱ्याच्या भोकांत तार फिरवणं आणि काचेवर खालून वर पाणी मारून पाहणं एवढं तरी प्रत्येक आगाराला जमण्यासारखं आहे. त्यासाठी गाडी तासाभराहून अधिक अडत नाही. प्रवाशांनीही एक करावं. पावसात गाडी गळली तर वाहकाला आसन क्रमांक, पाणी कोणत्या कोपऱ्यातून आलं आणि तेव्हा गाडी धावत होती की उभी होती, हे सांगावं आणि बसस्थानकावरच्या तक्रार पुस्तकात तसंच लिहावं. नुसतं 'गाडी गळते' या तक्रारीवर सिलिकॉनचा लेप मिळतो. नेमक्या नोंदीवर दुरुस्ती होऊ शकते.