चांदीच्या खाणीचा शेअर: कंपनी बुडाली, कागद उरला

आपले शेअर्स आता डीमॅटमध्ये, म्हणजे स्क्रीनवरचा एक आकडा. मी सॉफ्टवेअरवाला, तरी मला ओढ कागदी शेअर्सची. जुनी शेअर सर्टिफिकेटं जमवायच्या छंदाला ‘स्क्रिपोफिली’ म्हणतात. आज बोलूया अमेरिकेतल्या चांदीच्या खाणींच्या सर्टिफिकेटांवर.

१८५९ मध्ये नेवाडात ‘कॉमस्टॉक लोड’ हा चांदीचा मोठा साठा सापडल्याची बातमी पसरली. व्हर्जिनिया सिटी उभी राहिली. १८६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खाणींच्या शेअर्सचा बाजार सुरू झाला. ढिगानं कंपन्या निघाल्या, पण बहुतेकींनी कधी लाभांश दिलाच नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की आधी नाव बघा. बऱ्याचदा नावापुढे ‘ट्रस्टी’ असतं. म्हणजे शेअर दलालाच्या नावावर. त्यानं मागे सही केली की कागद हातोहात फिरायचा, खरा मालक कोण ते कळायचंच नाही.

आता खरी गोम ऐका: ‘असेसमेंट’. खोदकामाला पैसे कमी पडले की कंपनी शेअरमागे ठरावीक रक्कम भागधारकांकडूनच मागायची. नाही भरली, तर शेअर लिलावात! चांदी दिसो न दिसो, खिसा रिकामा.

आज या कागदाला किंमत येते ती दुर्मिळपणा, चित्रं, अवस्था आणि सहीमुळे. जॉन मॅके किंवा जेम्स फेअर या खाणसम्राटांची सही असेल तर भाव चढतो. पण कोणी ‘यावर अजून पैसे मिळतील’ म्हणालं, तर सावध व्हा. इतिहास विकत घ्या, आशा नको.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!