दारची फुलं आणि त्यांची भावकी
– ऊस विकास विभागाकडून



बेणं निवडताना आपण वाण पाहतो. पण त्या वाणाचीही नातीगोती असतात. ओढ्याकाठी पांढरे तुरे काढणारं कांस हे रानगवत उसाच्या भावकीतलं. कोइमतूरच्या केंद्रात उसाशी त्याचा संकर करूनच १९१८ साली 'को २०५' हा वाण दिला गेला. भावकी ओळखण्याचा असा फायदा होतो. मग दारातल्या फुलझाडांची भावकी का पाहू नये?

जास्वंद : जास्वंदीचं आणि भेंडीचं फूल शेजारी धरून पाहा. दोन्हींत पाच पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांची नळी. कापूस आणि अंबाडीही याच घरातले. पण नातं आलं की रोगराईही वाटून घेतली जाते. जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसतो, तोच भेंडीवर आणि कापसावरही जातो. २००७ च्या सुमारास उत्तर भारतातल्या कापसाचं पिठ्या ढेकणानं मोठं नुकसान केलं. म्हणून भेंडी लावण्याआधी दारची जास्वंद तपासा. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली, तर शेंडे नीट बघा. किडके शेंडे कापून जाळून टाका, बांधावर फेकू नका.

झेंडू आणि शेवंती : आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफूल आणि करडईचंही तसंच. झेंडू तर फारच कामाचा. त्याच्या मुळांतील द्रव्यांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना आळा बसतो. टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली, तर फळं पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो. मात्र झेंडूचं रोप ४०-४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं घ्यावं, म्हणजे दोन्ही एका वेळी फुलावर येतात.

पण भावकीत सगळेच सज्जन नसतात. १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आलेलं गाजरगवत याच कुळातलं! ते फुलावर येण्याआधीच, हाताला पिशवी बांधून, मुळासकट उपटावं. अंगाला लागलं तर खाज सुटते.

कण्हेर : हिच्याबद्दल आम्हाला जरा कळकळीनं सांगायचं आहे. कण्हेर, बिट्टी, रुई, तगर, सदाफुली हे सगळे एका कुळातले. याच कुळातल्या सदाफुलीपासून मिळणारं औषध १९६३ पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरात आहे. पण ते कारखान्यात शुद्ध करून, मोजून दिलेलं असतं. घरी पानं चघळण्याचा उद्योग कुणी करू नये.

कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ सारंच विषारी. उभ्या झाडाला जनावर सहसा तोंड लावत नाही. धोका असतो तो कुंपण छाटल्यावर. छाटलेला पाला वाढ्यांत मिसळून कुट्टीत गेला, की जनावर हातचं जाऊ शकतं. पाला वाळला म्हणून विष जात नाही. तेव्हा छाटणी गोठ्यापासून लांब खड्ड्यात पुरा, जळणालाही वापरू नका. जनावरानं खाल्ल्याची शंका आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा.

दारात फुलं जरूर लावा. देवाला होतात, घराला शोभा येते. फक्त कोण कोणाच्या भावकीतलं, एवढं ध्यानात ठेवा. एखादं झाड ओळखू येत नसेल, तर फुलासकट डहाळी गट कार्यालयात आणून दाखवा किंवा चिटबॉयकडे निरोप द्या. आम्ही येऊन पाहू.