चॉकलेट केकात बीट, भोपळा आणि दुधी : भाजी लपवा जिभेपासून, गिऱ्हाइकापासून नव्हे

देवनार म्हटले की मुंबईकराला कत्तलखाना आणि बकरी ईदचा बाजार आठवतो. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ साली येथे आला आणि त्याच्या आधाराने अनेक धंदे उभे राहिले. पण देवनार, गोवंडी, बैंगनवाडी या पट्ट्यात आपल्या लोकांचा आणखी एक हुन्नर आहे. तो म्हणजे बेकरीचा. पाव, खारी, नानकटाई यांच्या जोडीला आता घरोघरी वाढदिवसाचे केक बनतात आणि अनेक भगिनी घरूनच ऑर्डरी घेतात. या धंद्यात सध्या एका नव्या मालाची विचारणा होत आहे. हा माल म्हणजे भाजी घातलेला, कमी साखरेचा, कमी तेलाचा चॉकलेट केक.

विचारणा का होते?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना, कोणत्या खाण्यात किती साखर असते हे सांगणारे फलक लावण्यास सांगितले. आईबाप आता डब्यातला केक उलटून पाहतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री आणि चॉकलेट यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. नवा माल बाजारात आणून पाहण्यास ही वेळ बरी आहे.

कल्पना जुनीच

गोडात भाजी घालणे आपल्याला नवे नाही. गाजराचा व दुधीचा हलवा, कोहळ्याचा पेठा, लाल भोपळ्याचे घारगे आपण खात आलो आहोत. कोकणात मोठी काकडी किसून, तांदळाचा रवा व गूळ घालून तवसळी करतात. ती तर भाजीचा केकच होय. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशन असताना ब्रिटनमधील गृहिणींनी गोडाची तहान गाजरावर भागवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांना एका शिंप्याने जेवायला बोलावले असता ते ताटातल्या भोपळ्याच्या फोडी आवडीने शोधून खात होते, हे हदीसमध्ये नमूद आहे.

भाजी केकात काय काम करते?

केकातले तेल मैद्याच्या चिकट तंतूंना आवरते, म्हणून केक मऊ राहतो. शिजवून वाटलेल्या भाजीतला चोथा पाणी धरून ठेवतो आणि मऊपणाचे बरेचसे काम तोच करतो. त्यामुळे तेल निम्म्यावर आणता येते. मात्र सगळे तेल काढले तर केक रबरासारखा होतो. बीट व गाजर यांत स्वतःची थोडी साखर असते, म्हणून वरची साखर कमी पडली तरी चालते. बीटचा मातकट वास कोको झाकतो. दही किंवा चमचाभर लिंबाचा रस घातल्यास तो आणखी कमी होतो. लाल भोपळा सर्वांत सोपा, कारण त्याला उग्र वास नाही. दुधीत सुमारे ९६ टक्के पाणी असते. तो किसून पिळावा आणि निघालेले पाणी दुधाऐवजी वापरावे.

एका केकाचे प्रमाण

मैदा १५० ग्रॅम, कोको पावडर ४० ग्रॅम, साखर १३० ग्रॅम, तेल ५० मिली, दही १०० ग्रॅम, बीटचा गर १५० ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे थोडे दूध.

बीट सालासकट कुकरमध्ये वाफवावे, मग सोलून पाणी न घालता वाटावे. कोरडे जिन्नस दोनदा चाळावे. ओले जिन्नस वेगळे फेटून त्यात कोरडे मिसळावे आणि फार घोटू नये. १८० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. सुई कोरडी निघाली की केक झाला.

नेहमी १८० ग्रॅम साखर व १०० मिली तेल घालणाऱ्याच्या केकातून असे सुमारे साडेपाचशे कॅलरी कमी होतात. दहा तुकडे केल्यास तुकड्यामागे पंचावन्न. फरक एवढाच आहे आणि तेवढाच सांगावा.

भट्टी आणि टिकाऊपणा

पावाच्या लाकडी भट्टीची आच तीव्र व कमीजास्त असते. ओलसर केक त्यात वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. गॅस वा विजेच्या ओव्हनवर खर्च केलेल्यांनी स्थिर आचेचा हा फायदा वसूल करावा.

भाजीचा केक ओलसर असतो, त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत त्याला बुरशी लवकर लागते. तो पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावा. बाहेर ठेवायचा तर एक-दोन दिवसांत विकावा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावा. रोजच्या विक्रीपुरताच माल करावा.

हलाल आणि खरेपणा

व्हॅनिलाच्या अर्कात अल्कोहोल असू शकते. जिलेटिन व आयएनएस ४७१ हे घटक प्राणिज असू शकतात. पुरवठादाराला लेखी विचारावे. केकात अंडे असेल तर वेष्टनावर हिरवा ठिपका चालत नाही, तपकिरी त्रिकोण लागतो. ‘शुगर फ्री’ हा शब्द तर लिहूच नये. शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच तो लिहिण्याची मुभा आहे आणि आपल्या केकात ती कितीतरी पट जास्त आहे. या शब्दावर विसंबून मधुमेहाच्या रुग्णाने दोन तुकडे जास्त खाल्ले, तर त्याचे ओझे आपल्या मानेवर आहे.

प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा वरून कोरडे असलेले धान्य आतून ओले निघाले. गिऱ्हाइकाला दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले. आपल्या केकातली भाजीही आत असते. पोराच्या जिभेला ती कळू नये, हे कारागिराचे कसब आहे. पण पैसे देणाऱ्या आईला ती कळलीच पाहिजे. ‘बीट घातलेला चॉकलेट केक’ असे डब्यावर ठळक लिहा, खाली सर्व घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्या. ज्याला बीट चालत नाही तो घेणार नाही. जो घेईल तो वाचून घेईल आणि पुन्हा येईल. बरकत अशाच गिऱ्हाइकात असते.