न दाखविलेली टर्की

सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. त्यानंतरच्या पिढ्यांना पाहणे आणि ऐकणे यांतला फरक कुणी शिकवावा लागला नाही. श्रुतिकेत दार करकरले की ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या घरचे दार दिसे. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकरांचा आवाज, पण ते भावजी दिसायला कसे असतील यावर आमच्या घरी आजी आणि आत्या यांचे अजून एकमत नाही.

हे आज आठवण्याचे कारण आमच्या एकांकिकेची तालीम. विषय २०१९ चा कृष्णेचा महापूर. रंगमंचावर पाणी दाखवायचे कसे यावरून दोन तट पडले. एकाचे म्हणणे, निळे कापड हलवू. दुसऱ्याचे, मागे पडद्यावर चित्रफीत सोडू. वाद वाढला तेव्हा सरांनी एका जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेचा एक भाग सगळ्यांना पाहायला लावला. पुराशी त्याचा काय संबंध, असे आम्हांलाही प्रथम वाटलेच.

मालिकेचे नाव ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’. सिनसिनाटी शहरातल्या एका डबघाईला आलेल्या खासगी नभोवाणी केंद्राचे कार्यालय, तिथली माणसे आणि त्यांचे हेवेदावे हा तिचा विषय. ह्यू विल्सन यांनी ती अटलांटातील एका खऱ्या केंद्रावरून बेतली होती आणि १९७८ ते १९८२ या काळात ती दाखविली गेली. आपली आकाशवाणी सरकारी. तिकडे केंद्राचे पोट जाहिरातींवर, म्हणून श्रोते खेचण्यासाठी नाना क्लृप्त्या लढवाव्या लागतात. बिल डायल यांनी लिहिलेला ‘टर्कीज अवे’ हा भाग (३० ऑक्टोबर १९७८) अशाच एका क्लृप्तीचा आहे.

केंद्राचा व्यवस्थापक कार्लसन. नव्या कार्यक्रम-प्रमुखाने केंद्राचा बाजच बदलून टाकल्यामुळे त्या बिचाऱ्याला काही कामच उरलेले नाही. खोल्याखोल्यांतून तो घुटमळतो, कुणी विचारत नाही. (हा पूर्वार्ध जरा रेंगाळतो, पण निवृत्तीला आलेल्या माणसाचे हे घुटमळणे ज्याने घरी पाहिले आहे त्याला तो कंटाळवाणा वाटणार नाही.) मग तो गुपचूप एक बेत आखतो. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला अमेरिकेत घरोघरी टर्की हा मोठा पक्षी शिजतो. तेव्हा हेलिकॉप्टरमधून बाजारपेठेवर जिवंत टर्की सोडायच्या, लोकांना फुकट मेजवानी आणि केंद्राचा गाजावाजा! रानटी टर्की थोडे अंतर उडू शकते. पण मांसासाठी पोसलेली, वजनाने जड झालेली टर्की उडत नाही. कार्लसनची मात्र ती उडते अशी प्रामाणिक समजूत.

गंमत अशी की, या सगळ्या प्रसंगात पडद्यावर एकही टर्की पडताना दिसत नाही. दिसतो तो फक्त वार्ताहर लेस नेसमन, हातात ध्वनिक्षेपक घेऊन वर पाहणारा. हेलिकॉप्टरमधून काहीतरी खाली येते आहे असे तो सांगतो. ते छत्री घेऊन उड्या मारणारे उडीबाज असावेत असे त्याला वाटते, मग छत्र्या उघडत नाहीत हे ध्यानात येते, आणि मग ते काय आहे ते कळते. लोक सैरावैरा पळू लागतात. इकडे स्टुडिओत सहकारी नुसते ऐकत बसलेले. त्यांचे चेहरे पाहून आपण हसतो. म्हणजे दूरदर्शनच्या मालिकेने ऐन मोक्याच्या क्षणी चित्र बाजूला सारून नभोवाणीचा मार्ग धरला. टर्की खरोखर पडताना दाखविल्या असत्या तर दोन क्षणांत हसू विरून किळस आली असती.

या निवेदनामागे एक खरे निवेदन आहे. ६ मे १९३७ रोजी ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज न्यू जर्सीत लेकहर्स्ट येथे उतरताना पेटले आणि ३६ माणसे मेली. हर्बर्ट मॉरिसन हा निवेदक तेथे जहाजाच्या आगमनाचे वर्णन ध्वनिमुद्रित करीत होता. बोलता बोलता त्याचा कंठ दाटून येतो. ते मुद्रण प्रक्षेपित झाले आणि जगाच्या स्मरणात राहिले. नेसमनचे बोलणे हे त्याचेच विडंबन. साधन एकच: एक माणूस पाहतो आहे, आपण त्याच्या आवाजावर विसंबून आहोत. तिथे अश्रू येतात, इथे हसू.

आपल्याकडे तर हे नवे नाहीच. १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा कथेचा बराचसा भार सूत्रधाराच्या गाण्यावर होता. कुस्तीच्या मैदानात गर्दीमागे उभा राहिलेला माणूस डाव पाहतो तो कर्ण्यातूनच.

पुराचेही तसेच आहे. २०१९ मध्ये आमच्यापैकी बहुतेकांनी पाणी नंतर पाहिले. आधी ऐकला तो आकडा. ‘आयर्विनला किती?’ हा एकच प्रश्न फोनवर होता. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि पाणी गेले ५७ च्या वर. तेव्हा कापड परत केले, चित्रफीतही रद्द. आता रंगमंचावर एक जिना आहे आणि त्यावर फोन घेऊन बसलेली एक मुलगी. ती फक्त आकडे सांगते आणि दर आकड्याला एक पायरी वर सरकते. पहिल्या तालमीत तिने ‘बावन्न’ म्हटले, तेव्हा मागच्या बाकावरचा हरिपूरचा मुलगा काही न बोलता उठून बाहेर गेला.