क्रिप्टिक शब्दकोडं: विश्वकोश पाठ लागत नाही

‘क्रिप्टिक सोडवायचं तर जगाचं सामान्यज्ञान हवं.’ इंग्रजी वर्तमानपत्रातल्या कोड्याचा विषय निघाला की हे वाक्य ऐकू येतंच. शेक्सपिअर वाचलेला नाही, युरोपचा इतिहास ठाऊक नाही, म्हणून कितीतरी हुशार माणसं त्या चौकटीकडे फिरकत नाहीत. खरं तर ज्ञानाची कसोटी साध्या कोड्यात अधिक लागते: नदीचं नाव माहीत असेल तर घरं भरतात, नाहीतर रिकामी राहतात. तिथे दुसरी वाट नसते.

क्रिप्टिक क्लूमध्ये ती असते. क्लूच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, उरलेल्या भागात शब्दाची फोड. मराठीतच रचून पाहू. ‘नदी उलटली की गरीब (2)’: नदी उलट वाचा, ‘दीन’. ‘गाडीमागे वजन लावून प्रशासन (4)’: कार, तिच्यामागे भार, ‘कारभार’. ‘आकाशी दडलेलं तीर्थक्षेत्र (2)’ याचं उत्तर तर क्लूमध्येच छापलेलं आहे, ‘काशी’. यात विश्वकोश कुठे लागला?

ब्रिटिश कोडेकार रॉजर स्क्वायर्स यांचा गाजलेला क्लू आहे: ‘टू गर्ल्स, वन ऑन ईच नी’. पॅट आणि एला या दोन मुली जोडल्या की ‘पटेला’, म्हणजे गुडघ्याची वाटी. प्रत्येक गुडघ्यावर एक. शरीरशास्त्रातला हा शब्द कधी न ऐकलेला माणूसही नावं जोडून तिथे पोहोचतो आणि मग शब्दकोशात खात्री करून घेतो.

गैरसमजाला जुनं कारण आहे. लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये 1 फेब्रुवारी 1930 रोजी कोडं सुरू झालं, आणि तिथे पूर्वी कवितेच्या ओळीतला गाळलेला शब्द ओळखायला सांगत. आज लागतात ते मुख्यतः ठरलेले संकेत. इंग्रजीत ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल, पण त्याच स्पेलिंगचा अर्थ ‘वाहणारी’ असाही लावता येतो; म्हणून कोड्यात ती नदी ठरते. असे संकेत सरावाने अंगवळणी पडतात.

आता बाकीचे गैरसमज.

‘उत्तर अंदाजाने ठोकायचं.’ मुळीच नाही. झिमेनीझ या टोपणनावाच्या कोडेकाराने 1966 च्या पुस्तकात मांडलेल्या शिस्तीनुसार क्लूमध्ये नेमका अर्थ आणि प्रामाणिक शब्दखेळ असावा, फालतू शब्द एकही नसावा. दोन्ही वाटा जुळल्या की उत्तर पक्कं.

‘क्लू वाक्य म्हणून समजून घ्यायचा.’ वाक्याचा वरवरचा अर्थ चकवण्यासाठीच असतो. विरामचिन्हांवरही विसंबू नये.

‘शब्दकोडं इंग्लंडात जन्मलं.’ पहिलं कोडं 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापलं गेलं. रचणारे आर्थर विन मात्र मूळचे लिव्हरपूलचे. क्रिप्टिकचं वळण ब्रिटनमध्ये, 1920 च्या दशकात रुजलं.

‘रोज कोडं सोडवलं की उतारवयात बुद्धीची झीज थांबते.’ ‘बीएमजे’मधल्या 2018 च्या अभ्यासात अ‍ॅबरडीन परिसरातल्या, 1936 साली जन्मलेल्या 498 जणांची पाहणी होती. बौद्धिक छंद असलेल्यांची आकलनक्षमता मुळात वरच्या पातळीवर आढळली. वयानुसार होणाऱ्या घसरणीचा वेग मात्र त्यामुळे कमी झालेला दिसला नाही.