इंग्रजी बोलण्यातील ‘अहो’ आणि ‘अरे’

आपल्या मुलांस इंग्रजी आले पाहिजे, याविषयी महाराष्ट्रात आता फारसा वाद उरलेला नाही. सन २००० पासून मराठी शाळांतूनही पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जात आहे; आणि ज्यांस ऐपत आहे तेच नव्हे, तर ज्यांस ती नाही असे कित्येक पालकही पोटास चिमटा घेऊन मुलांस इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालीत आहेत. परंतु इंग्रजी यावे म्हणजे नेमके काय यावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शब्द पाठ झाले, नियम घोकून झाले, परीक्षेत गुण मिळाले, की भाषा आली असे आपण समजतो. कोणापुढे कसे बोलावे हे ज्ञान मुलाने आपले आपण कोठून तरी उचलावे, अशी आपली समजूत दिसते. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही त्या मुलांस भरावी लागते, हे आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

मराठी मूल पाच वर्षांचे होते न होते तोच आईस ‘अगं’, आजोबांस ‘अहो’, खेळगड्यास ‘अरे’ आणि शाळेतील बाईंस ‘तुम्ही’ म्हणू लागते. पुढे सभेत बोलावयाची वेळ आली म्हणजे ‘आपण’ हा शब्दही त्याच्या तोंडी येतो. हा विवेक त्यास घरातूनच मिळतो. तेच मूल इंग्रजीकडे वळते तेव्हा त्याच्या हाती ‘यू’ हा एकच शब्द पडतो. धाकट्या भावासही ‘यू’ आणि न्यायाधीशासही ‘यू’. त्यावरून इंग्रजीत मानाचे बोलणे आणि सलगीचे बोलणे असा भेदच नाही, असे पुष्कळांस वाटते, व कित्येक शिक्षकही तसेच सांगतात.

वस्तुतः हा भेद इंग्रजीत एके काळी सर्वनामातही होता. ‘दाऊ’ हा शब्द एकट्यास उद्देशून, सलगीने किंवा खालच्या माणसास म्हणून वापरीत. ‘यू’ हा मूळचा अनेकवचनी शब्द थोरांसाठी राखलेला असे. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी सर्व माणसे सारखी या तत्त्वास अनुसरून अधिकाऱ्यांसही ‘दाऊ’ म्हणण्याचा आग्रह धरला व त्यापायी त्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे ‘दाऊ’ शिष्टांच्या नित्य बोलण्यातून लोपला आणि प्रार्थनेत व काही प्रांतांच्या बोलीत तेवढा उरला. आपणही विठ्ठलास ‘तू’च म्हणतो, तेव्हा देवाशी सलगीचा शब्द का राहतो हे मराठी वाचकांस सांगावयास नको. सर्वनाम एक झाले तरी मानाचे अंतर नाहीसे झाले नाही. ते वाक्याच्या रचनेत जाऊन बसले.

हीच गोष्ट आमच्या मुलांस कोणी सांगत नाही. ‘मला पाणी द्या’ या मराठी वाक्यातील ‘द्या’ या क्रियापदातच आदर आहे. त्याचे शब्दशः भाषांतर करून मूल ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणते, आणि इंग्रजी कानास तो हुकूम ऐकू येतो. मुलाच्या मनात उद्धटपणाचा लेशही नसतो; त्याचा आदर भाषांतरात गळून पडलेला असतो. तेथे ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज’ असे म्हणावे लागते. यातील ‘कुड’ दिसावयास भूतकाळी असले तरी त्याचा भूतकाळाशी येथे संबंध नाही. ते बोलणाऱ्यास एक पाऊल मागे उभे करते. यात परके असे काहीच नाही. ‘मला आपणांस एक विचारायचे होते’ असे आपण म्हणतो, तेव्हा विचारायचे आताच असते. ‘होते’ हे केवळ अदबीसाठी येते. मराठीतील हे ‘होते’ ज्या मुलास कळते, त्यास इंग्रजीतील ‘कुड’ आणि ‘वुड’ समजाविण्यास एक तास पुरे आहे.

हे न शिकविल्यामुळे दोन प्रकारचे इंग्रजी आज आमच्या मुलांच्या तोंडी दिसते. एक प्रकार कचेरीतील अर्जाचा. मित्राशी गप्पा मारतानाही मूल पत्रलेखनाच्या पुस्तकातील वाक्ये बोलते आणि समवयस्कांच्या हसण्याचा विषय होते. दुसरा प्रकार चित्रपटांतून व मोबाइलवरून उचललेला. त्यातील ‘हे’, ‘या’, ‘गॉना’, ‘वॉना’ हे शब्द मित्रमंडळीत शोभतात. परंतु तेच मुलाखत घेणाऱ्यापुढे आले, की बोलणाऱ्याची योग्यता ऐकणाऱ्याच्या मनात उतरते. दोन्ही मुलांस इंग्रजी येत असते. प्रसंगाप्रमाणे एक भाषा ठेवून दुसरी उचलणे मात्र येत नाही. नोकरीची मुलाखत, बँकेतील कर्जाची बोलणी, परगावच्या व्यापाऱ्याशी दूरध्वनीवरील सौदा, अशा ठिकाणी एखादे काम का फिसकटले हे तोंडावर कोणी सांगत नाही. म्हणून ही उणीव सुधारतही नाही.

कोणी म्हणेल की हे तर इंग्रजांच्या मुलांस जन्मतःच येते, ते शाळेत शिकवून काय येणार? परंतु खुद्द इंग्लंडमध्येही ते जन्मावर सोपविलेले नाही. तेथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात दहा-अकरा वर्षांच्या मुलांस अनौपचारिक बोलण्यातील शब्द व औपचारिक भाषण-लेखनातील शब्द यांतील भेद शिकवावा, असे नेमून दिले आहे. ‘फाइंड आउट’ आणि ‘डिस्कव्हर’, ‘आस्क फॉर’ आणि ‘रिक्वेस्ट’, ‘गो इन’ आणि ‘एंटर’ अशा जोड्याही तेथे दिल्या आहेत. मार्टिन जूस या अमेरिकन भाषापंडितांनी १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी इंग्रजी बोलण्याच्या, अगदी ठराविक साच्यापासून ते जिव्हाळ्याच्या बोलण्यापर्यंत, पाच पायऱ्या दाखविल्या व त्यांस पाच घड्याळांची उपमा दिली. ज्यांची ही मातृभाषा त्यांसही ती शिकवावी लागते, तर ज्यांच्या घरी इंग्रजीचा शब्द नाही त्या शेतकऱ्याच्या वा कामगाराच्या मुलाने ती आपोआप शिकावी, ही अपेक्षा न्यायाची आहे काय?

दुसरा आक्षेप असा की, आधी मुलांस कसेबसे बोलू तर द्या, शिष्टाचार मागाहून पाहू. यात तथ्य आहे. मूल बोलत असता मध्येच अडवून त्याची जीभ बांधू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु मागाहून म्हणजे केव्हा? शाळा सुटली की शिकविणारा कोणी राहत नाही, आणि एकदा जिभेवर बसलेले वळण सहज मोडत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परक्यांच्या चालीरीती मुलांच्या अंगी बाणविणे म्हणजे जुनी गुलामगिरीच नव्हे काय, असे काही स्वाभिमानी गृहस्थ विचारतील. आमचे उत्तर असे की, अदब व लाचारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाक्यागणिक ‘सर’, ‘आय बेग’, ‘युवर ओबीडियंट’ असले शब्द पेरणे ही परक्या राजवटीच्या कचेऱ्यांतून आलेली लाचारी आहे. ती मुलांस शिकवूच नये. शिक्षकास ‘सर’ म्हणणे ही येथली रीत आहे, ती खुशाल राहो; परंतु परदेशातील कित्येक कचेऱ्यांत कनिष्ठही वरिष्ठास पहिल्या नावाने हाक मारतो व त्यात अपमान नसतो, हेही मुलांस कळले पाहिजे. आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे ‘अहो’ हे बहुधा वय, पैसा व हुद्दा पाहून दिले जाते. चहा आणून देणाऱ्या पोऱ्यास ‘अरे’च मिळते. ‘प्लीज’ व ‘थँक यू’ हे शब्द साहेबास जसे म्हणावे तसेच त्या पोऱ्यासही म्हणावे, हे जर शाळेने शिकविले तर भाषेबरोबर थोडी माणुसकीही पदरात पडेल.

उपाय खर्चाचा नाही. आठवड्यातून एक तास शिक्षकाने एकच मागणी तीन माणसांपुढे करावयास लावावी. मित्राजवळ लेखणी मागताना ‘पास मी द पेन, विल यू?’, शेजारच्या काकांजवळ ‘कॅन आय बॉरो युवर पेन, प्लीज?’, आणि अपरिचित अधिकाऱ्याजवळ ‘एक्स्क्यूज मी, मे आय बॉरो युवर पेन?’ मुलांनीच काका व्हावे, अधिकारी व्हावे आणि कोणते वाक्य कोठे खटकले ते सांगावे. प्रथम तोच प्रसंग मराठीत करून पाहावा, म्हणजे अंतर कोठे आहे ते मुलांस चटकन उमगेल. वर्गात मराठी बोलल्याबद्दल दंड करणाऱ्या शाळा हे साधनच फेकून देतात. शब्दांबरोबर स्वरही शिकवावा, कारण दरडावून म्हटलेले ‘प्लीज’ हुकुमाहून वाईट लागते. आणि तोंडी परीक्षेत उच्चारांबरोबर या विवेकासही गुण असावेत. ज्यास गुण नाहीत ते आपल्या शाळांत शिकविले जात नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस हे समजण्यास कठीण जाऊ नये. घाऊक गिऱ्हाइकाशी, उधारी थकविणाऱ्याशी व पेढीवरच्या जुन्या मुनिमाशी ते दिवसातून दहा वेळा आपली भाषा बदलतात, आणि त्यावरच त्यांची पेढी चालते. हेच कसब त्यांनी आपल्या मुलांच्या शाळेत मागावे. पालकांच्या सभेत फी आणि निकाल यांविषयी विचारणारे पुष्कळ असतात. ‘माझ्या मुलास कोणाशी कसे बोलावे हे तुम्ही केव्हा शिकविता?’ असे पुढल्या सभेत चार जणांनी जरी विचारले, तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.